परत आलेला माल

तक्रार आली तेव्हा घड्याळजीला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. आधी नवल वाटलं. उभा जन्म कारखान्यात गेला, पण त्याच्या हातच्या मालाबद्दल बाहेरून कुणी एक अक्षर बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. चांगलं नाही की वाईट नाही. माल लाकडी खोक्यांत भरून जायचा, गेला की गेला. आणि आज सकाळी सुपरवायझरने त्याला टेबलावरून उठवलं, खिडकीपाशी नेलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की एका बाईचा फोन आला होता. आपला पाळणा तिच्या घरी अडकला. परवा दुपारी वीज गेली तेव्हा तिची आजारी बहीण पाळण्यात होती, वर, आणि खाली घ्यायचा स्क्रू काही केल्या फिरेना. वीज येईपर्यंत बहीण तशीच लोंबकळत राहिली. स्क्रूवर तो लाल ठिपका ज्याने लावलाय त्यालाच पाठवा, असं म्हणून बाईने फोन ठेवला. सुपरवायझर हे सांगत होता तेव्हा घड्याळजी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. अंगठ्याच्या पेरावर लाल रंग होता. तो तिथे कायमच असायचा.

पाळणा हे कारखान्यातलं लाडाचं नाव. एक लोखंडी खांब, त्याला पुढे आलेला हात आणि हाताला अडकवलेली जाड कापडाची झोळी. ज्याला स्वतःच्या पायांवर उठता येत नाही त्याला झोळीत घ्यायचं, बटण दाबायचं, की तेलाच्या दाबाने हात वर जातो आणि माणूस अलगद पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात. वीज गेलीच, तर खांबाच्या कमरेला एक छोटा स्क्रू आहे. तो बोटांनी सैल केला की तेल हळूहळू मागे फिरतं आणि माणूस खाली येतो. त्याला ना ताकद लागते ना अक्कल. फक्त तो स्क्रू मोकळा हवा, आणि घड्याळजीने त्यावर थेंब टाकला होता. थेंब ही जुन्या खात्याची रीत. जुनं खातं म्हणजे गेल्या वर्षापर्यंतचं. याच टेबलांवर तेव्हा तोफगोळ्यांच्या टोकाला बसणारे फ्यूज जुळायचे. गोळ्याने कधी फुटायचं ते ठरवणारा मुठीएवढा भाग, आत चिमुकली चाकं, चिमुकल्या स्प्रिंगा. शेवटच्या टेबलावर घड्याळजी. तो शेवटचा स्क्रू आवळायचा, भिंगातून एकदा बघायचा आणि काडीच्या टोकाने स्क्रूच्या डोक्यावर घट्ट लाल रंगाचा एक थेंब सोडायचा. वाळला की तो स्क्रू पकडीच्या बापालाही ऐकायचा नाही. ऐकायची गरजही नव्हती, कारण तो माल एकदाच चालायचा असतो. थेंब पडला की विषय संपला, आता कुणी हात लावायचा नाही. पाळण्यांचं काम सुरू झालं, त्याच टेबलावर तोच माणूस बसला, तीच रंगाची डबी उजव्या हाताला ठेवली गेली आणि पहिल्या दिवसापासून थेंब पडत राहिला. त्याच्यानंतर प्रत्येक पाळणा दोन तपासनिसांच्या हातून जायचा. दोघेही जुन्या खात्यातले. त्यांनी स्क्रू फिरवून बघायला हवा होता. पण थेंब दिसला की त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. घड्याळजीचा थेंब आहे ना, मग चला पुढे. असे चाळीसेक पाळणे चाळीसेक घरांत गेले होते.

सुपरवायझर आणि तो एकाच दिवशी कारखान्यात लागले होते, त्यामुळे आडपडदा नव्हता. गुपचूप जा, स्क्रू मोकळा कर, चहा दिला तर पी आणि तोंड मिटून परत ये, असं सुपरवायझरचं म्हणणं. बाकीच्या पाळण्यांचं काय, असं घड्याळजीने विचारलं तेव्हा तो चिडला. एकाची झाली ती तक्रार, सगळ्यांची झाली की बोंब. वरचे लोक टपलेलेच आहेत. जुन्या मालाची मोठी मागणी दारात उभी आहे, आणि पाळणे फसले एवढं म्हणायला निमित्त मिळालं की महिन्याभरात टेबलांवर पुन्हा फ्यूज दिसतील. कामगारांनी वर्षभर बैठका घेतल्या, वरच्यांच्या नाकदुऱ्या काढल्या, याच यंत्रांवर याच हातांनी माणसांच्या उपयोगाचं काय करता येईल ते कागदावर मांडून दाखवलं, ते सगळं एका स्क्रूपायी पाण्यात जाईल. बाकीचे हळूहळू बघू, कुणाची तक्रार आली तर. एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुला जुनं खातं आवडायचं, ते मला माहीत आहे. मला मात्र ते परत नकोय." त्यात आरोप होता की विनवणी, ते घड्याळजीला कळलं नाही. हत्यारांची पिशवी घेऊन तो फाटकाबाहेर पडला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर होती, आत पकड, गरम करायची इस्त्रीवजा सळई, रंग विरघळवायची बाटली. हाताची सवय, तो मनाशी म्हणाला. दुसरं काय? वळणाचं पाणी वळणालाच जायचं. माणूस घर बदलतो तरी महिनाभर जुन्या घराकडेच वळतो. सवयीला कोण फाशी देतं? हे त्याने दोनदा-तीनदा घोळवलं आणि प्रत्येक वेळी त्याला एक आवाज ऐकू आला. नव्या कामाची माहिती द्यायला आलेली ती पोरगेली इंजिनीअर, केस वर बांधलेले, खिशाला चार पेनं. सगळ्यांसमोर खांबाच्या कमरेवर बोट ठेवून ती म्हणाली होती, काका, हा स्क्रू मोकळाच राहू द्या हं, हा घरातल्या माणसांना उघडावा लागतो. त्याने मान डोलावली होती. मान डोलावली म्हणजे ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे माहीत होतं. मग पहिल्या पाळण्यावर काडी टेकवली तेव्हा ते माहीत असणं कुठे गेलं होतं? तो क्षण आठवायचा त्याने प्रयत्न केला. रंगाचा वास आठवला, भिंगाची थंड कड आठवली, डोक्यात काय होतं ते आठवेना. आठवली ती सभा. खातं बदलायचं की नाही यावर हात वर करायला सांगितले होते, आणि विरोधात जे थोडे हात वर गेले त्यात त्याचा होता. का, तर त्याला कुणी विचारलं नव्हतं म्हणून. जुन्या खात्यात त्याच्या टेबलाशी आल्यावर साहेबसुद्धा आवाज खाली करायचे. आजाऱ्यांच्या झोळ्या जुळवायला घड्याळजी कशाला हवा? झोळी कुणीही जुळवेल. हा विचार त्याने तेव्हा केला होता, स्पष्ट, शब्दांत. त्या विचारातून तो थेंब गळला की सवयीतून, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना. बायको नेहमी म्हणायची, तुझं तोंड खोटं बोलतं पण हात बोलत नाहीत. ती हे कौतुकाने म्हणायची.

घड्याळजी हे नावही खोट्यातूनच आलेलं. मुलगी लहान होती तेव्हा तिने विचारलं, बाबा, तू काय करतोस? तो म्हणाला, घड्याळाचे भाग जुळवतो. धादांत खोटं म्हणावं तर तसंही नव्हतं. आत चाकं होती, स्प्रिंग होती, आणि काळ मोजणं हेच तर त्यांचं काम होतं. मुलीने ते शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, आणि बघता बघता गल्ली त्याला घड्याळजी म्हणू लागली. लोक बंद पडलेली घड्याळं घेऊन यायचे आणि तो ती नीट करूनही द्यायचा. मग एका वाढदिवसाला पोरीने हट्ट धरला, तू बनवलेलं घड्याळ पाहिजे. त्याने बाजारातून एक गजराचं घड्याळ घेतलं, पाठीवरचं कंपनीचं नाव कानशीने घासून काढलं आणि मागच्या स्क्रूवर लाल थेंब टाकला. मी बनवलंय, हा बघ माझा थेंब. ती ते उशाशी घेऊन झोपायची. कॉलेजात गेल्यावर कधीतरी तिला कळलं. कुठून, कुणाकडून, ते तिने सांगितलं नाही. भांडली नाही, रडली नाही. एक दिवस कामावरून आला तर घड्याळ कागदात गुंडाळून त्याच्या ताटाशेजारी ठेवलेलं. त्या दिवसापासून ती त्याला 'अहो बाबा' म्हणायला लागली. लांब गेली, नोकरी धरली, सणावारी बोलते, तब्येत विचारते, सगळं नीट. पण जन्मभर 'अरे बाबा' म्हणणाऱ्या पोरीच्या तोंडून अहो ऐकलं की तो फोन बायकोच्या हातात देतो. घड्याळ अजून कपाटात आहे, त्याच कागदात. नवं खातं सुरू झालं तेव्हा बायकोने सुचवलं होतं की पोरीला फोन करून सांग, आता पाळणे बनवतोस म्हणून. तो म्हणाला होता, बघू. पहिल्या खेपेला थेंब टाकून मग पोरीला काय तोंडाने सांगणार होता, हे आता बसमध्ये त्याच्या लक्षात आलं. उतरायचा थांबा मागे पडला होता. त्याला पुढच्या थांब्यावरून उलटं चालत यावं लागलं.

दार धाकट्या बहिणीने उघडलं. तिचा उजवा खांदा पट्टीने बांधलेला होता. ती बाजूला झाली. खोली लहान, पलंगाने अर्धी भरलेली, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, आणि मधोमध त्याचा पाळणा. मोठी बहीण चाकाच्या खुर्चीत होती. ती पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती, आणि उजवी बाजू गेली असली तरी तो रुबाब तिच्या डाव्या बाजूत सगळा साठून राहिला होता. या, बसा, लाल ठिपकेवाले ना तुम्ही, असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परवाची हकीकत सांगू लागली, जणू दुसऱ्याच कुणाची. आंघोळीला नेत होती धाकटी. मधेच वीज गेली. आधी दोघी हसल्या. मग धाकटीने स्क्रू धरला. बोटांनी, मग फडक्याने, मग स्वयंपाकघरातल्या चिमट्याने, मग दातांनी. शेजारी कुणी नव्हतं. झोळी मांड्यांना काचायला लागली, श्वास कोंडायला लागला, तेव्हा धाकटी खाली वाकून पाठीवर तिचा भार घेऊन उभी राहिली. वीज येईपर्यंत तशीच, टेबलासारखी. धाकटी हे ऐकत दारात उभी होती. घड्याळजीला तिच्याकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे त्याला या वयात कळलं. तो पाळण्यापाशी गुडघ्यांवर बसला. स्क्रूभोवती चिमट्याचे ओरखडे होते, आणि मधोमध थेंब, गोल, नितळ, एकाही ओरखड्याशिवाय. कामाचा थेंब कसा असावा तर असा. क्षणभर, कुठलीही लाज न बाळगता, त्याला त्याचा अभिमान वाटला. त्याने सळई तापवली, रंग मऊ केला, पकडीने स्क्रू हलवला. आटे साफ केले, तेलाचं बोट फिरवलं, बोटांनी उघडबंद करून बघितलं. लाल कपच्या जमिनीवर पडत होत्या.

झालं, असं म्हणून तो उठला, पण कंडक्टरबाईने पिशवी आवरू दिली नाही. हाताने उघडून बघणं वेगळं आणि वर टांगलेला माणूस खाली येणं वेगळं, तेव्हा आधी तुम्ही बसा. तो पलंगाच्या कडेला टेकला. वर्षभरात चाळीस झोळ्या त्याने जुळवल्या, कारखान्यात वाळूची पोती टांगून बघितली, पण स्वतः कधी बसला नव्हता. धाकटीने एका हाताने पट्टे अडकवले, बटण दाबलं. पाय जमिनीवरून सुटले. कापड मांड्यांखाली आवळलं, गुडघे छातीकडे आले, पाठ गोल झाली, आणि एवढा थोरला बाप्या तो, उचललेल्या मुलासारखा गोळा होऊन राहिला. पाय आपोआप जमीन शोधत होते. धाकटीने भिंतीतली पिन उपटली. कंडक्टरबाईने खुर्ची खांबाशी आणली, डावा हात स्क्रूवर ठेवला, आणि फिरवायच्या आधी सहज विचारावं तसं विचारलं की यापूर्वी काय बनवायचात.

"घड्याळाचे भाग," तो म्हणाला. तोंडात तयारच होतं.

तिने त्याच्याकडे वर बघितलं. "पंधरा वर्षांच्या घोड्याला पाच वर्षांचा सांगून अर्धं तिकीट मागणारे बाप मी रोज बघितलेत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. हात स्क्रूवर होता आणि हलत नव्हता.

झोळीचा पट्टा कानाजवळ करकरत होता. मांडीला काच पडायला लागली होती, इतक्यातच; परवा ही बाई दुपारभर इथे होती. धाकटीची पाठ तिच्याखाली होती, त्याच्याखाली कुणी नव्हतं. घाईघाईने उतरून निघून जावं असं त्याला वाटलं, आणि उतरणं त्याच्या हातात नव्हतं. ते तिच्या हातात होतं, एकाच हातात. मुलगी विचारायची तेव्हा ती खाली असायची आणि तो वर, आणि खोटं वरून खाली सहज पडायचं. आता ते पडेना.

"तोफगोळ्यांचे फ्यूज," तो म्हणाला. हे वाक्य त्याने आजवर कुणाला म्हणून उच्चारलं नव्हतं, बायकोलाही नाही. "गोळा ज्याने फुटतो तो भाग. शेवटचा थेंब माझा असायचा."

दारात धाकटी हलली. कंडक्टरबाईने पुढे विचारलं.

"चालायचे नीट?"

"हो."

"कशावरून?"

"एकही परत आला नाही," तो म्हणाला. जुन्या खात्याच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं आणि त्याखाली उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला होता, तो मधोमध. तेच शब्द या खोलीत, टॉवेलांच्या आणि औषधांच्या बाटल्यांच्या मधे, त्याच्या तोंडून निघाले आणि त्याच्या कानांवर आले. माल नीट चालला म्हणजे तो परत यायला उरलाच नाही, आणि तो जिथे चालला तिथून परत कळवायला तरी कोण उरलं असेल? हे त्याला कधीच कळलं नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि त्यावर दर दिवशी एक थेंब पडत होता. परत आलेली वस्तू एकच, ताटाशेजारी कागदात गुंडाळलेलं ते घड्याळ, आणि ते तर त्याने बनवलंही नव्हतं.

बाईने स्क्रू थोडा फिरवला. तो वीतभर खाली आला. तिने हात थांबवला आणि विचारलं, असे पाळणे अजून किती घरांत आहेत. चाळीसेक, तो म्हणाला. सगळ्यांवर हा ठिपका? सगळ्यांवर. सावकाश, अगदी सावकाश तिने स्क्रू उघडत नेला आणि त्याला पलंगाच्या कडेवर उतरवलं. पाय टेकले तरी तो थोडा वेळ उठला नाही. मग झोळीत बसल्या बसल्याच त्याने फोन काढला आणि सुपरवायझरला लावला. बाकीच्या घरांचे पत्ते काढून ठेव, म्हणाला, सगळ्यांचे, आणि स्क्रू मोकळा करून देईपर्यंत कुणी पाळण्यात बसू नका असा सगळ्यांना आत्ताच्या आत्ता निरोप दे. सुपरवायझर म्हणाला की बोंब होईल, खातं बुडेल, आणि बुडालं नाही तरी लोक म्हणतील घड्याळजीने मुद्दाम केलं, त्याने विरोधात हात वर केला होता. तुझ्या तोंडाला काळं लागेल ते जन्मात निघणार नाही.

"म्हणू देत," घड्याळजी म्हणाला. "मुद्दाम केलं की नाही, ते मलाही माहीत नाही. तू पत्ते काढ."

चहा कुणी विचारला नाही, आणि त्याला ते बरं वाटलं. पिशवी आवरून तो दाराशी आला तेव्हा धाकटीने त्याला थांबवलं. मघापासून एक शब्द न बोललेली ती, डाव्या हातात कागदाची छोटी पुडी धरून उभी होती. जमिनीवरच्या लाल कपच्या तिने एक न एक झाडून घेतल्या होत्या.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "आमच्या घरात नको."

जिना उतरून तो थांब्यावर आला. बस यायची होती. चाळीस दारं, चाळीस घंट्या. प्रत्येक दारात कुणीतरी उभं असेल, खांदा बांधलेलं किंवा न बांधलेलं, आणि प्रत्येक घरी त्याला सांगावं लागेल की हा थेंब माझा. पोरीलाही सांगावं लागेल, आणि ती म्हणेल, बरं, अहो बाबा. हे सगळं होण्यासारखं होतं. माणूस पायी फिरला तरी चाळीस दारं होतात. पुडी शर्टाच्या खिशात होती, वजन असं काही नव्हतंच. आणि मग बस दिसली तेव्हा त्याच्या मनात आलं की सुपरवायझर आत्ता टेबलाशी बसून पत्ते काढत असेल, या चाळीस थेंबांचे. आधीच्या थेंबांचे पत्ते कोण काढणार? गोळे फुटले तिथेही दारं असतील. होती. त्याने बसला हात केला नाही, आणि बस न थांबता पुढे गेली.